नागिणीच्या लशीची वाटणी

माझी सगळी नोकरी फुकट सुया टोचण्यात गेली. फुकट म्हणजे घेणाऱ्याला फुकट. मला पगार होता. पैठण तालुक्यातल्या उपकेंद्रांवर मी आरोग्यसेविका होते. गोवर, धनुर्वात, कावीळ, जी म्हणाल ती लस टोचली आणि एकाही आईकडं कधी पैसा मागितला नाही. उलट तिच्याच विनवण्या कराव्या लागायच्या. मी गल्लीत शिरले की बाया लेकरं कडेवर मारून मागच्या दारानं निघायच्या. एकीनं तर मला तोंडावर विचारलं होतं, "तुमची सुई टोचली की पोरगं दोन दिस रडतंय. मग खुरपायला तुम्ही जाता का माझ्या बदली?"

त्यामुळं निवृत्तीनंतर पहिल्यांदा एका माणसाला सुईची किंमत सांगायची वेळ आली, तेव्हा माझी जीभ अडखळली. आकडा त्या गृहस्थांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "सिस्टर, ही किंमत सुईची, की दवाखान्याची?"

ते गृहस्थ म्हणजे आमच्या इमारतीतले पाठक काका. लस नागिणीची होती. एका लशीवरून मी आयुष्यात एवढी काळजी कधी केली नाही, म्हणून तेच लिहिते.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं. लोकांना वाटतं, लस देणं म्हणजे सुई टोचणं. सुई टोचायला कुणीही शिकतं. खरं काम आहे लस थंड ठेवणं. दूध आणि लस दोन्ही नाशवंत. फरक एवढाच की दूध नासलं तर कळतं. लस नासली तर तिला वास येत नाही, रंग बदलेलच असं नाही. बाईनं टोचली, आईनं टोचून घेतली, दोघी समाधानानं घरी गेल्या, आणि बाटलीत नुसतं पाणी होतं, असं होऊ शकतं. म्हणून गोठलेल्या पाण्याच्या चपट्या डब्या रचलेली पेटी खांद्याला लावून आम्ही गावोगाव फिरायचो आणि सारखं झाकण उघडणाऱ्यावर खेकसायचो. दुष्काळाच्या वर्षांत पाचोडच्या भागात हे फार जड गेलं. वीज नाही, म्हणून बर्फ जमत नाही. माणसं पाण्यासाठी रांगेत, म्हणून लेकरं लशीला येत नाहीत. एकदा एक म्हातारे बाबा माझ्या पेटीजवळ येऊन बसले, झाकणाला हात लावून म्हणाले, "बाई, तुझं टोचून झालं की ह्या डब्यातलं गार पाणी मला दे." मी म्हणाले, "ते प्यायचं नाही बाबा, ते लशीचं आहे." ते म्हणाले, "लई नशीबवान आहे तुझी लस."

नागिणीशी माझी गाठ घरातच पडली. माझ्या आईला झाली तेव्हा मी पाचोडलाच होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की आपण म्हणतो, सुटलो. पण तो विषाणू अंगातून जात नाही. नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो. वय झालं, दुसरा आजार आला, अंगातली ताकद उतरली की एखाद्या नसेच्या वाटेनं बाहेर येतो. त्या नसेचा जेवढा पट्टा, तेवढ्यावर पाणीदार फोडांची माळ उठते. आपल्याकडं म्हणतात, नागिणीनं कंबरेला वेढा घातला आणि तोंड शेपटीला लागलं की माणूस जातो. नस अंगाच्या एकाच बाजूची असते, त्यामुळं वेढा पुरा होत नाही. नोकरीभर मी एकही पुरा झालेला पाहिला नाही. माणूस जात नाही. पण दुखणं राहू शकतं, आणि ते असं की माणूस जायची भाषा करतो.

आईनं बाजारच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून नागिणीच्या तोंडापुढं गेरूची रेघ ओढून घेतली होती. फोड वाळले, रेघ धुतली गेली, दुखणं राहिलं. पदर नुसता घासला तरी ती दचकायची. उन्हाळ्यात पंख्याचं वारं सोसायचं नाही. "आतून कुणीतरी तव्यावर टाकल्यासारखं होतंय गं," म्हणायची. नंतरची सगळी वर्षं ती त्या कुशीवर झोपली नाही. मी लसवाली बाई, आणि माझ्याच आईसाठी माझ्या पेटीत काही नव्हतं. तेव्हा ही लस निघालेलीच नव्हती. नव्हती म्हणजे नव्हती, विषय संपला, असं मी स्वतःला सांगते. विषय संपत नाही.

निवृत्त झाले आणि जिल्ह्याच्या शहरात, पडेगावला, एका इमारतीत पहिल्या मजल्यावर घर घेतलं. मुलगी नाशिकला, मी एकटी. घरी बसणं जमेना म्हणून जवळच्या छावणी भागातल्या, लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं सकाळचं काम धरलं. पेटीऐवजी आता पांढरा स्वच्छ फ्रिज होता, वीज गेली तर इन्व्हर्टर होता. तरी वीज गेली की माझं काळीज जुन्या सवयीनं पहिल्यांदा फ्रिजकडंच धावायचं. आमच्या मॅडम मोठ्या माणसांच्याही लशी देऊ लागल्या. त्यामुळं आमच्याकडं एक मजेशीर देखावा दिसायचा: भिंतीवर जिराफ काढलेला, खाली लाल-पिवळ्या बुटक्या खुर्च्या, आणि त्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले पेन्शनर.

नागिणीची लस पन्नाशीनंतर घेता येते. दोन डोस असतात. पहिल्यानंतर दोन महिन्यांनी, फार तर सहा महिन्यांच्या आत दुसरा. सरकारी दवाखान्यात मिळत नाही. इतकी महाग की कुणी आणून ठेवत नाही. आधी पैसे भरायचे, मग औषधवाल्याकडून थर्माकोलच्या डब्यात यायची. एक डोस म्हणजे माझ्यासारखीच्या पेन्शनीचा मोठा घास, आणि घास दोनदा घ्यायचा. मी आईचं पाहिलेलं, म्हणून पहिला डोस लगेच घेतला. दुसऱ्याची वेळ आली तेव्हा इमारतीची बोअर आटली आणि नवी खोदायला वर्गणी निघाली. मी डोस पुढच्या महिन्यावर टाकला. नंतर त्याच्याही पुढच्या.

त्या उन्हाळ्यात शहराला नवं नाव होतं, पडेगावला नवे मजले होते, नळ मात्र जुन्याच सवयीचे होते. नवी बोअरही कोरडी निघाली. मग टँकर. टँकरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवलं की खालचे मजले नळ उघडे टाकून सगळं ओढून घेतात आणि वरच्यांना हवा मिळते. त्यावर भांडणं झाली, एकदा चपलाही निघाल्या. शेवटी नियम ठरला: पाणी वर चढवायचं नाही. ज्यानं त्यानं खाली येऊन, घरटी सारखे कॅन भरून न्यायचे. माणसं किती, लेकरं किती, आजारी कोण, काही बघायचं नाही. सारखी वाटणी, म्हणजे भांडण नाही.

पाठक कुटुंब तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. काका वैजापूरच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. आयुष्यभर लोकांना "उद्या या" म्हटलं, आता उद्याचं नाव काढलं की घाबरतात, असं स्वतःच सांगायचे. काकूंना संधिवात. बोटं वाकडी झालेली. त्यावरची औषधं अशी की सांधे सोसतात, पण अंगाची रोगाशी लढायची ताकद खाली येते. त्यामुळं पाणी काका आणायचे, भाजी काका चिरायचे, पोळ्याही काकाच लाटायचे. पोळ्यांचं मात्र गुपित होतं. माझ्यासमोर पोळी वाढताना काकू म्हणायच्या, "आज जरा जाड झाल्यात हं माझ्या." काका मान खाली घालून जेवायचे.

काकांच्या कचेरीतल्या एका मित्राला कपाळावर नागीण उठली आणि ती डोळ्यात उतरली. उशीर झाला; त्या डोळ्यानं दिसेनासं झालं. दोघं वैजापूरला भेटून आले आणि जिन्यातच माझ्या दारात थांबले. मी सगळं समजावलं: कांजिण्यांचीच ही दुसरी खेप, आधी नुसतं दुखतं किंवा जळजळतं आणि दोन-चार दिवसांनी पुरळ येतं, पुरळ दिसलं की तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या पाहिजेत. आणि लशीबद्दल सांगितलं. तेव्हाच तो प्रश्न आला, किंमत सुईची की दवाखान्याची.

"पुण्याला मुलाला सांगा की," मी म्हणाले.

"नाही," काकू म्हणाल्या. "त्याचं घराचं कर्ज आहे. आणि सुनेला वाटेल, सासूला काहीतरी फॅशनचं इंजेक्शन पाहिजे."

दोघांना घ्यायची म्हणजे चार डोस. तेवढं जमणार नव्हतं. दोन डोसांपुरते पैसे बाजूला होते. मॅडमनी काकूंची औषधं पाहिली आणि सांगितलं, आधी यांना, दोन्ही यांनाच. काकूंना पहिला डोस मीच दिला. दोन दिवस ताप, दंड सुजला. काका रडवेले होऊन खाली आले, "सिस्टर, नागीण बरी म्हणायची वेळ आली हो." तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना वरून हाक मारली, "भाजी करपतेय!" आणि मला कळलं, ताप उतरला.

दुसऱ्या डोसाच्या दिवशी दोघं आले, बुटक्या खुर्च्यांवर बसले. या लशीत एका बाटलीत पावडर असते, दुसरीत पाणी. दोन्ही एकत्र केलं की ती परत फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्याला वापरता येत नाही. त्याच दिवशी, काही तासांच्या आत ती कुणाच्या तरी दंडात गेली पाहिजे, नाहीतर मोरीत. मी नाव विचारलं, डोस तपासला, दोन्ही एकत्र केलं, सुईत ओढलं आणि वळले. खुर्चीवर काका बसले होते. शर्टाची बाही वर केलेली. काकू शेजारी उभ्या.

"काका, उठा. काकूंना बसू द्या."

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"यांनाच द्या," काकू म्हणाल्या. "मला एक झाली. आता यांना एक. झालं की दोघांचं."

माझ्या हातात भरलेली सुई. एवढी महाग वस्तू बोटांत धरून मी आयुष्यात कधी वाद घातला नव्हता. म्हणाले, "काकू, ही काय टँकरची वाटणी आहे का? घरटी सारखे कॅन?"

"काय वाईट आहे त्यात? कुणालाच नाही त्यापेक्षा दोघांना थोडं थोडं."

"हे थोडं थोडं नाही होत. पहिला डोस अंगाला फक्त ओळख करून देतो, दुसरा ती पक्की करतो. तुमच्या घरी फोडणी घातली आणि भाजी शेजाऱ्याच्या कढईत टाकली, तर कोण जेवणार?"

काकांना हसू आलं. काकूंना नाही. त्या बोलल्या ते मात्र मी धरून चालले नव्हते. मला वाटलं होतं, नवऱ्यासाठी जीव टाकणारी बाई आहे, दोन शब्द प्रेमाचे बोलेल, मी दटावेन, बसेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, माझ्यावर उपकार करायला नका जाऊ. मी हिशेब सांगते. मला नागीण झाली तर हे मला बघतील. यांना झाली तर? कॅन कोण आणील? मला सकाळी उठवून कोण बसवील? मी कुणाला धरून संडासात जाऊ? जो माणूस दोघांचं ओढतोय, त्यालाच पहिल्यांदा दिली पाहिजे. तुम्ही नुसतं आजारी कोण ते बघता."

मी तीस वर्षांच्या वर लशी दिल्या होत्या, पण बाई चुकीचं बोलत नव्हती. लस घेण्याचे नियम माणसाच्या अंगाकडं बघून केलेले असतात. घरात कोण कुणाला उचलतं, ते त्यांत नसतं.

मी मॅडमना बोलावलं. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, तुमचं बरोबर आहे, काकांनाही हवीच. पण तुमची औषधं चालू आहेत. तुम्हाला एकावर सोडणं मला जमणार नाही. हा डोस तुमचा. काकांचं आपण वेगळं बघू."

"वेगळं म्हणजे कधी?"

"उद्या," काका म्हणाले. तहसील कचेरीतली जुनी सवय.

काकू बसल्या. मी टोचलं. त्यांनी तोंड फिरवलं होतं, सुईमुळं नाही, माझ्यामुळं. जाताना म्हणाल्या, "नियमानं वागलात. आता प्रार्थना करा."

मी प्रार्थना करणाऱ्यातली नाही. मी लक्ष ठेवणाऱ्यातली. त्या दिवसापासून जिन्यात काकांची पावलं ऐकायची मला सवय लागली. टँकर आला की मी खिडकीत. कॅन उचलताना त्यांनी पाठीला हात लावला की मी जिन्यात. एकदा त्यांनी कपाळ खाजवलं तर मी खाली जाऊन चष्मा लावून त्यांचं कपाळ बघितलं. डास चावला होता. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला नागिणीपेक्षा जास्त घाबरवताय." खालच्या मजल्यावरच्या बाया आमच्याकडं बघून हसल्या. हसू द्या.

तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी काका छाती धरून जिन्यात बसलेले दिसले. डावी बाजू जळतेय म्हणाले. रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, काही निघालं नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्या तपासणीत काही चूक नव्हती. अंगावर एक पुटकुळी नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकला. माझ्यासारखीनं टाकायला नको होता. आधी दुखतं, मग उठतं, हे जिन्यात मीच सांगितलं होतं.

मी विसरले होते, काकू विसरल्या नव्हत्या. त्या रोज सकाळी काकांना सदरा काढून पाठमोरं उभं करत होत्या. दोन दिवसांनी त्यांनी वरूनच ओरडून मला बोलावलं. खांद्याच्या फऱ्याखाली, डाव्या बाजूला, लाल ठिपके होते. दोन-तीन, डास चावल्यासारखे. मी बघताक्षणी ओळखलं.

"हीच ना?" काकूंनी विचारलं.

"हीच."

त्या एवढंच म्हणाल्या, "चला मग, गोळ्या." मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. फोड पाठीवरून छातीकडं आले, अर्ध्यात थांबले. काका कण्हत होते, पण कण्हतानाही कॅनची काळजी. टँकरच्या दिवशी मी खाली गेले आणि पाठकांचे कॅन माझ्या कॅनांच्या शेजारी ठेवले. दुसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, "सिस्टर, तुमचे दुप्पट कसे?" मी म्हणाले, "नागीण झालीय वर. येता का हात लावायला?" ते कॅनला हात लावायला आले नाहीत, पण त्यांची मुलगी आली, आणि मग आणखी दोघं. काकूंचं म्हणणं खरं होतं; कॅन हाच प्रश्न होता.

एक दिवस वर गेले तर काकांच्या छातीवर, फोडांच्या पुढं, गेरूची ठळक रेघ. मी बघतच राहिले. तीच रेघ, आईच्या कंबरेवरची.

"छावणीतून एक जण येऊन ओढून गेले," काका ओशाळून म्हणाले. "हिनं नको म्हटलं होतं. पण म्हटलं, सरकारी आणि गावठी, दोन्ही शिक्के असू द्यात कागदावर. एकानं अडलं तर दुसरं चालेल."

"फोडांवर काही लावू दिलंत?"

"अजिबात नाही. सिस्टर खाली राहतात म्हणून सांगितलं."

मी रेघ पुसली नाही. गोळ्या वेळेवर होत्या, रेघेनं काही बिघडत नव्हतं.

पण दुसरीच एक गोष्ट बिघडत होती. काका दिवसेंदिवस उतरत चालले होते, आणि दुखण्यामुळंच असेल असं मी धरून चालले. एका दुपारी त्यांनी मला हळूच विचारलं, "सिस्टर, नागिणीला फोडणी वर्ज्य असते का हो?"

"म्हणजे?"

"हिनं फोडणीच बंद केलीय. ठिपके दिसले त्या दिवसापासून. नुसतं वरण, नुसता भात, उकडलेला दोडका. कालवण नाही, तडतडणं नाही. मी माणूस आहे हो, रुग्ण नाही."

स्वयंपाकघरात गेले. काकू भाताच्या कुकरापाशी. विचारलं तर त्या मलाच म्हणाल्या, "तुम्हीच नाही का सांगितलं, ही कांजिण्यांचीच दुसरी खेप? कांजिण्यांत घरात फोडणी घालतं का कुणी?"

कांजिण्या, गोवर निघाला की घरात फोडणी घालायची नाही, हे आपल्याकडं घरोघर पाळतात. नोकरीत मी त्यावर पुष्कळ बोलले, कुणी ऐकलं नाही. आणि इथं शिकलेल्या बाईनं माझं शास्त्र नीट लक्षात ठेवून त्यातून उकडलेला दोडका काढला होता.

"काकू, नागिणीला फोडणीचं काही नाही. त्यांना ताकद पाहिजे. तुम्ही त्यांना उपाशी मारताय."

"नक्की?"

"नक्की."

"डोसासारखं नक्की?"

पहिला टोला तो. त्यांनी कढई ठेवली, वाकड्या बोटांनी मोहरीचा डबा उघडायला गेल्या, उघडेना. मी उघडून दिला. मोहरी तडतडली तशी आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "धन्यवाद, सरकार!"

त्यांचं दुखणं हळूहळू उतरलं. काही आठवडे सदऱ्याचं कापड लागलं की ते खांदा आखडायचे आणि मी आईला आठवून घाबरायचे: हे राहतं की जातं? रोज विचारायचे. शेवटी एके दिवशी त्यांनी सोसवेल एवढं हळू कॅन उचलून तिसऱ्या मजल्यावर नेला, मध्ये दोनदा थांबून. दुखणं गेलं होतं. त्यांचं नशीब, आणि काकूंची रोजची तपासणी. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, त्यामुळं थोडक्यात निभावलं असं मॅडम म्हणाल्या.

मी मॅडमना एकदा विचारलंच. त्या दिवशी तो डोस काकांना दिला असता, तर नागीण टळली असती का? मॅडम म्हणाल्या, एका डोसानंही थोडं संरक्षण मिळतं. टळली असती असं सांगता येत नाही, आणि नसती टळली असंही नाही. काकूंना न देता मोकळं ठेवलं असतं, तर त्यांना झाली असती का? तेही सांगता येत नाही. माझ्या जुन्या पेटीत निदान एवढं होतं की सगळ्यांना पुरेल एवढी लस होती. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे मला कधी ठरवावं लागलं नव्हतं. निवृत्तीनंतर ठरवायला लागलं.

काकूंनी शेवटी मुलाला फोन केला. मी समोर बसून करायला लावला. तो म्हणाला, "आई, बाबा छाती धरून जिन्यात बसले होते, ते मला आज सांगतेस?" कर्जाचं, सुनेचं, फॅशनचं कुणी काही बोललं नाही. काकांच्या लशीचे पैसे त्यानं भरले. नागीण होऊन गेल्यावर थोडे महिने थांबून लस घ्यायची असते, तेवढे थांबलो, आणि दोघं पुन्हा बुटक्या खुर्च्यांवर हजर झाले.

काकांची डावी बाही वर केली. काकू दारात उभ्या. मी पावडर आणि पाणी एकत्र केलं, टोचलं. काकांनी डोळे मिटले आणि उघडले.

"झालं?"

"झालं. दुसरा दोन महिन्यांनी. आणि तोही तुमचाच. वाटायचा नाही."

"नाही वाटणार," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आणि तुमचं काय सिस्टर?"

"माझं काय?"

"तुमचा पहिला डोस झाला तेव्हा तुम्हीच खाली सगळ्यांना सांगितलं होतं. त्याला सहा महिने कधीच होऊन गेले. बोअरला वर्गणी दिलीत तेव्हा म्हणालात, डोस पुढच्या महिन्यात. मला सगळं आठवतं. सांधे गेलेत, डोकं नाही."

मी औषधाच्या रिकाम्या बाटल्या टोपलीत टाकण्यात वेळ घालवला. उशीर झाला म्हणून पहिला वाया जात नाही, दुसरा उशिरा घेतला तरी चालतो, हे मला माहीत होतं. तेच कारण मी महिनोन्‌महिने वापरत होते.

"घेईन की."

काकूंनी काकांना धरून उठवलं, म्हणजे काकांनीच त्यांना धरलं, आणि दारातून जाता जाता त्या म्हणाल्या, "फोडणी घालून ठेवलीय तुम्ही. भाजी कुठंय?"

मी त्याच दिवशी औषधवाल्याला फोन केला. डोस आला, मॅडमनी टोचला. मी डोळे मिटले नाहीत. पण बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. ताप होता आणि माझा डावा हात वर होत नव्हता. मी खिडकीत बसून बघत राहिले. माझे कॅन काका भरत होते, आणि वरून तिसऱ्या मजल्यावरून काकू ओरडून त्यांना सांगत होत्या, "उजव्या हातानं उचला! उजव्या!"